लिहायला बसायचं कुठं?

सख्यांनो, दुपारची कामं उरकून रेडिओपाशी बसला असाल. कुणी मेथी निवडत असेल, कुणी गोधडीला टाके घालत असेल. हात चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या.

आज आपण लिहिण्याबद्दल बोलू. गटाचं इतिवृत्त आणि हप्त्यांची वही तर आपण लिहितोच. आज बोलायचं आहे ते मनातलं लिहिण्याबद्दल. आजीच्या जात्यावरच्या ओव्या, दुष्काळातले दिवस, सासरी आलो तेव्हाची पहिली वर्षं, हे सगळं आपण नाही लिहिलं तर कोण लिहिणार?

आमच्या गटांतल्या काही जणी असं लिहितात. त्यांची अडचण एकच, जागा. घरात वही उघडली की कुणाला चहा हवा असतो, कुणाला सदऱ्याचं बटण लावून हवं असतं. एका ताईची वही घरातल्या माणसाच्या हाती लागली. त्याने ती चार लोकांत मोठ्याने वाचून दाखवली. लोक हसले. त्या पानांवर तिने आपल्या गेलेल्या लेकीबद्दल लिहिलं होतं. त्यानंतर कित्येक महिने ती पेन धरायची ते फक्त गटात सही करायला. तिनेच सांगा म्हटलं, म्हणून आज सांगतोय.

तेव्हा आम्ही बैठकीत ठरवलं, घराबाहेर जागा शोधायची. यात जगावेगळं काही नाही. फलटणच्या बेबीताई कांबळे किराणा दुकान चालवायच्या. गिऱ्हाईक नसेल तेव्हा दुकानातच लिहायच्या आणि घरच्यांना दिसू नये म्हणून कागद लपवून ठेवायच्या. अशी वर्षानुवर्षं लपवलेली पानं पुढे ‘जिणं आमुचं’ या पुस्तकात आली. सावित्रीबाईंची जोतिरावांना लिहिलेली पत्रंही घरापासून दूर लिहिलेली आहेत. १८५६ साली त्या आजारपणात माहेरी, नायगावला होत्या, तिथून एक लिहिलं. १८७७ च्या दुष्काळात लोकांच्या मदतीला गेल्या होत्या, तेव्हा जुन्नरजवळच्या ओतूरहून एक लिहिलं.

मग आम्ही गावातच हिंडून पाहिलं. देवळाचा सभामंडप दुपारी रिकामा असतो, फरशी गार असते आणि बाई देवळात बसली तर कुणी विचारत नाही. मुलं घरी गेली की अंगणवाडी शांत होते. सेविकाताईंना आधी विचारून ठेवायचं. बांधावरच्या लिंबाखाली सावली छान, पण वारा पानं उलटतो, म्हणून वहीवर ठेवायला दगड हवा. तालुक्याला गेलो की एसटीची वाट बघण्यात तासभर जातो, तोही आपलाच.

सगळ्यात चांगली जागा म्हणजे गावचं सार्वजनिक वाचनालय. टेबल, खुर्ची, पंखा, सगळं तिथं आहे. आमच्या वाचनालयात सगळ्या खुर्च्यांवर पेपर वाचणारे पुरुष असायचे. एकटीला उंबरा ओलांडायचं धाडस होईना, म्हणून तिघी मिळून गेलो. पहिल्या दिवशी माना वळल्या. दुसऱ्या आठवड्यात एका आजोबांनी स्वतः उठून खुर्ची दिली. वाचनालय सार्वजनिक आहे, म्हणजे ते आपलंही आहे.

कधी गटाची सहल निघाली तर पाचगणीजवळच्या भिलारला जा. २०१७ पासून ते ‘पुस्तकांचं गाव’ आहे. तिथं लोकांनी आपल्या घरांत, ओसरीवर पुस्तकं मांडली आहेत. कुणीही जावं, बसावं, वाचावं. आपल्या गावात एक कोपरा करायला त्यातून उमेद मिळते.

आम्ही काही नियम केलेत. दोघी-तिघींनी मिळून जायचं. अंधार पडायच्या आत घरी यायचं. शेजारणीच्या वहीत डोकावायचं नाही आणि काय लिहिलंस म्हणून विचारायचं नाही. तिला वाटलं तर ती वाचून दाखवेल. शेवटचा नियम त्या ताईमुळे झाला. ज्यांना वही घरी न्यायची नाही, त्यांनी ती गटाच्या पेटीत ठेवायची. पैशाला कुलूप लावतो, तसंच मनातल्या गोष्टीलाही लावायचं.

ती ताई आता दर मंगळवारी वाचनालयात येते. पहिले तीन मंगळवार नुसती बसून राहिली. चौथ्या मंगळवारी तिने पेटीतली कोरी वही मागितली. काय लिहिते, आम्हाला माहीत नाही. पण आता तिची तिसरी वही चालू आहे.

सख्यांनो, पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की पाच मिनिटं हाच विषय घ्या. आपल्या गावात बाईला तासभर निवांत बसता येईल अशी जागा कोणती? एक ठरवा, एक वार ठरवा आणि दोघी तरी जाऊन बसा. पहिल्या दिवशी एक ओळ झाली तरी पुष्कळ झालं.

आज इथंच थांबतो. नमस्कार.