संत्र्याच्या संशोधनाचा पैसा आणि आपण
(जामसांवली येथील सभेत केलेले भाषण)



जामसांवलीत हनुमंताच्या दर्शनाला जमलो की आपले बोलणे शेवटी संत्र्यावरच येते. आजही तेच, पण सरकारी पैशाच्या अंगाने.

९ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने रोगमुक्त रोपांच्या कार्यक्रमाला १,७६५.६७ कोटी रुपये मंजूर केले. कारभार राष्ट्रीय बागवानी मंडळाकडे, सोबत भारतीय कृषी अनुसंधान परिषद. देशातल्या नऊ केंद्रांत संत्र्यासाठी नागपूरची लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संस्था आहे.

याची गरज आपल्याला सांगायला नको. पाच वर्षे पोसलेली बाग ऐन बहाराच्या वेळी पिवळी पडलेली आम्ही पाहिली आहे. जंभेरीवर बांधलेला डोळाच विषाणूचा असेल, तर खतपाणी काय करणार? प्रयोगशाळेत शेंड्याच्या बारीक कोंबाची सूक्ष्म कलम करतात, तपासतात, मग मातृवृक्ष वाढवतात. त्याला वर्षे लागतात. सरकारी हिशेब मात्र ३१ मार्चला मिटतो. उपयोगिता प्रमाणपत्र अडले की हप्ता अडतो, आणि झाडाला मार्च कळत नाही!

१९५६ साली आपण मध्यप्रदेशात राहिलो. तेव्हापासून 'नागपूरचे ते त्यांचे' म्हणून गप्प बसायची सवय लागली. हा पैसा तर केंद्राचा आहे. २०२३ पासून पांढुर्णा जिल्हाही झाला. म्हणून मागणी दोनच: नागपूर केंद्राच्या खर्चाचा हिशेब दरवर्षी जाहीर व्हावा, आणि तपासलेले मातृवृक्ष सौंसर-पांढुर्ण्याच्या रोपवाटिकांनाही मिळावेत.

अर्ज तयार आहे. रोपवाटिकावाल्यांनी सही केल्याशिवाय प्रसादाला जाऊ नये.