जलप्रलय झाला होता का?

मंडळी, मागे एकदा वर्ग सुटल्यावर एका आजोबांनी आम्हांला वाटेत गाठले. त्यांच्या वाडीत विहीर खणताना दोन पुरुष खाली शिंपले लागले होते. आजोबा म्हणाले, "मनूच्या वेळी सगळी पृथ्वी बुडाली, त्याची ही खूण. तुमची पुस्तके मात्र नाही म्हणतात!"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मनूची आणि माशाची कथा शतपथ ब्राह्मणात आहे. मोठ्या पुरात माशाने मनूची होडी उत्तरेच्या डोंगराकडे ओढून नेली. ख्रिस्ती आणि मुसलमान बांधव नोहाची, म्हणजे नूह नबींची, अशीच कथा सांगतात. इतक्या लोकांनी सांगितले ते उगाच कसे असेल?

तर आधी पुराची खूण कशी असते ते पाहू. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले. पाणी ओसरले, पण घराघरांत चिखल राहिला. पुराची सही म्हणजे चिखल, बरं का! सगळी पृथ्वी एकदम बुडाली असती, तर एकाच काळाच्या गाळाचा थर सगळीकडे सापडला असता.

तो शोधला नाही असे नाही. इराक देशात उर नावाचे जुने शहर आहे. तिथे 1929 च्या सुमारास लिओनार्ड वूली या साहेबांनी खोदकाम केले. आठ-दहा फूट जाडीचा गाळाचा थर लागला. नोहाचा पूर सापडला, असे त्यांनी जगाला सांगितले. मोठा गाजावाजा झाला. पण जवळच्याच एरिडू गावी तो थर नव्हता. दुसऱ्या शहरांत गाळ मिळाला, तो निराळ्या काळाचा. म्हणजे पूर खरे होते, मोठेही होते. पण ते नदीचे होते, जगाचे नव्हते.

कुणी म्हणेल, हिमालयात शिंपले सापडतात, त्याचे काय? सापडतात. देवघरातला शाळिग्राम पाहा. गंडकी नदीतून येतो, आणि त्यात समुद्रातल्या एका जुन्या प्राण्याच्या शंखाचे वळण असते. पण पाणी काही हिमालयावर चढले नाही. समुद्राचा तळच कोट्यवधी वर्षांत हळूहळू वर उचलला गेला. पुराने टाकलेले शिंपले सगळे मिसळलेले असते. तिथे ते थरावर थर, जुन्यावर नवे, असे लागतात.

आणि पाणी आणायचे कुठून? जगातला सगळा बर्फ वितळला, तरी समुद्र साधारण 70 मीटर चढेल. आपला कळसूबाई 1,646 मीटर उंच आहे! आपल्या सड्यावर चिरेखाणी आहेत. जांभा कापताना शिंपला निघाला, असे आम्ही तरी कुणा खाणकामगाराकडून ऐकले नाही.

मग आजोबांच्या विहिरीतले शिंपले? ते खरेच आहेत, आणि समुद्राचेच आहेत. सुमारे 20,000 वर्षांपूर्वी थंडी फार होती, पाणी बर्फात अडकले होते, आणि समुद्र आजच्यापेक्षा सव्वाशे मीटरच्या आसपास खाली होता. बर्फ वितळला तसा तो चढत आला आणि काठची जमीन गिळत गेला. जलप्रलयाच्या कथांत त्याची आठवण असावी, असे काही जाणकारांना वाटते. आम्हांला ते पुरते पटत नाही. इतकी जुनी आठवण टिकणे कठीण. पुढे किनाऱ्याला वाळू आणि शिंपले चुन्याने घट्ट बांधले जाऊन दगड झाला. कोकणात त्याला करळ म्हणतात. काही जागी तो आजच्या भरतीच्या वर दिसतो. म्हणजे काही हजार वर्षांपूर्वी समुद्र तिथवर होता. किंवा जमीन थोडी उचलली असेल. यावर अजून वाद चालू आहे.

गंमत अशी, की आपली कोकणची कथा उलटी आहे. परशुरामाने बाण सोडून समुद्र मागे हटवला! गुहागरच्या वाळूवरच्या माडांच्या बागा पाहिल्या की ही कथा कशी सुचली असेल ते कळते.

आजोबांना आम्ही हे सांगितले. ते म्हणाले, "म्हणजे समुद्र इथे होता, हे तरी खरे ना?" खरे. आणि तो आजही चढतो आहे, हेही मोजून पाहिलेले आहे.

आता पुढची विहीर कुणी खणली आणि शिंपले लागले, तर काठापासून किती हात खाली लागले ते दोरीने मोजा. वरचा थर मातीचा की वाळूचा, तेही पाहा. आता लिहिता येते. वहीत तारीख घालून टिपून ठेवा, आणि येताना वर्गात घेऊन या.