पुरुषांचे अश्रू
(ज्ञातीच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



ज्ञातीच्या व्यासपीठावरून सामान्यतः शिक्षण, उद्योगधंदा, विवाहखर्चातील काटकसर अथवा विद्यार्थिनिधी यांविषयी बोलण्याचा प्रघात आहे, आणि तो योग्यच आहे. आज मात्र कार्यकारी मंडळाच्या अनुज्ञेने आम्ही एक निराळा विषय आपणापुढे मांडणार आहोत. पुरुष का रडतात, आणि रडले तर ते लपवितात का, हा तो विषय होय. विषयाचा उच्चार होताच काही तरुण मंडळींच्या मुखावर स्मित उमटले. ते स्वाभाविक आहे. परंतु पुरुषाच्या रडण्याचा नुसता उल्लेख झाला तरी हसू का यावे, याचाही विचार आज करावयाचा आहे.

प्रथम शरीराचा विचार करू. डोळ्याच्या वरच्या बाजूस, बाहेरील कोपऱ्याजवळ अश्रुग्रंथी असते, आणि ती स्त्रीपुरुषांना सारखीच दिलेली आहे. डोळा ओला ठेवणारे अश्रू, धूर वा कांदा लागताच येणारे अश्रू आणि भावनेने येणारे अश्रू असे त्यांचे तीन प्रकार मानतात. बालपणी मुलगे व मुली यांच्या रडण्यात फारसा भेद नसतो. तो वयात येण्याच्या सुमारास पडू लागतो. अमेरिकेतील विल्यम फ्रे यांनी १९८० नंतरच्या दशकात केलेल्या पाहणीत स्त्रिया महिन्यातून सरासरी पाचांहून अधिक वेळा, तर पुरुष एकदीड वेळा रडतात, असे आढळले. शरीरातील संप्रेरकांचा यात वाटा असावा, असे मत मांडले गेले आहे. तथापि २०११ साली ३७ देशांतील माहितीवरून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्त्रीपुरुषांमधील हे अंतर सर्व देशांत सारखे आढळले नाही. केवळ शरीर हेच कारण असते, तर ते सर्वत्र सारखे असावयास हवे होते. यास्तव उरलेले कारण आपल्या चालीरीतींत शोधले पाहिजे.

आपल्या पूर्वपरंपरेने पुरुषाला रडण्याची बंदी केली होती काय? आम्हांस तसे दिसत नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत. स्तंभ, स्वेद, रोमांच यांच्याच पंक्तीत तेथे अश्रूही आहेत, आणि ते केवळ स्त्रीपात्रासाठी राखून ठेवलेले नाहीत. वाल्मीकीचा राम सीतेच्या विरहाने अरण्यातील वृक्षांना विचारीत रडतो. कालिदासाचा अजराजा इंदुमतीसाठी विलाप करतो, आणि कवी त्याला दोष न देता तापलेल्या लोखंडाचा दाखला देऊन त्याची पाठराखण करतो. कण्वमुनी तर अरण्यवासी तपस्वी. परंतु मानलेली लेक सासरी निघाली तेव्हा त्यांचाही कंठ दाटून आला. भवभूतीने उत्तररामचरितात भरलेल्या तलावाच्या सांडव्याचा दृष्टान्त योजिला आहे. आपल्यापैकी जे शेतकरी आहेत त्यांना तो सहज उमगेल. सांडवा हा बांधाचा दोष नव्हे. बांध टिकावा म्हणूनच तो ठेवलेला असतो. आमच्या संतमंडळींनी तर याविषयी संकोच बाळगलाच नाही. १२९६ साली आळंदीस ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली, त्या प्रसंगी निवृत्तिनाथांसारख्या योग्याचा शोक नामदेवांनी आपल्या अभंगांत निःसंकोचपणे वर्णिला आहे.

येथे कोणी म्हणेल, की गीतेत भगवंतांनी अर्जुनाला षंढपणा सोडण्यास सांगितले, त्याचे काय? आक्षेप रास्त आहे. परंतु तो प्रसंग नीट पाहावा. अर्जुनाचे डोळे अश्रूंनी भरले होते, आणि पहिल्या अध्यायात तो आपले सारे दुःख बोलून मोकळा होईपर्यंत श्रीकृष्णांनी त्याला मध्येच अडविले नाही. पुढे निषेध केला तो कर्तव्यत्यागाचा. हाच अर्जुन अभिमन्यूच्या वधानंतर रणांगणावरील शिबिरात शोक करतो, आणि दुसऱ्या दिवशी सूर्यास्तापूर्वी जयद्रथाचा वध करून आपली प्रतिज्ञा पुरी करतो. रडल्याने पुरुषाचे कर्तृत्व विरघळते, हा समज या एका कथेनेही टिकत नाही.

याज्ञवल्क्यस्मृतीत आप्तांनी गाळलेले अश्रू प्रेताला सेवन करावे लागतात, म्हणून रडू नये व यथाशक्ति क्रिया करावी, असे सांगितले आहे. परंतु हे वचन सर्व बांधवांस उद्देशून आहे, केवळ पुरुषांस नव्हे. व्यवहारात मात्र आपण त्याची वाटणी केली. रडणे बायकांकडे दिले आणि क्रिया पुरुषांकडे दिली.

आमच्या मते लपविण्याचे मुख्य कारण या वाटणीत आहे. घरात मृत्यू झाला म्हणजे स्त्रिया माजघरात एकमेकींच्या गळ्यात पडतात. कर्त्या मुलाला मात्र बांबू, मडके, गोवऱ्या, डॉक्टरचा दाखला, परगावी निरोप यांची व्यवस्था पाहावयाची असते. त्यालाच अग्नी द्यावयाचा असतो. तो कोसळला तर पुढचे कोण करणार, ही भीती खरी असते. म्हणून वडील मंडळी 'तूच असा धीर सोडलास तर कसे?' असे म्हणतात. त्या घटकेपुरते ते म्हणणे योग्यच आहे. परंतु पुढे दहावा होतो, तेरावा होतो, पाहुणे जातात, स्त्रियांचे दुःख अश्रूंवाटे थोडे हलके होते, आणि या गृहस्थाला 'आता तुझे काम झाले, आता तू रड' असे सांगणारा कोणीच उरत नाही. घटकेपुरता घातलेला निर्बंध तो जन्मभर पाळतो.

लेकीच्या पाठवणीचेही तेच. वधूपिता नेमका त्याच वेळी आचाऱ्याचा हिशेब पाहावयास मांडवामागे जातो, आणि परततो तेव्हा तोंड धुतलेले असते. कोणी विचारले तर चुलीचा धूर डोळ्यांत गेला म्हणतो. घरोघरी पाहिलेले हे दृश्य आहे. आपण त्याला हसतो, क्वचित त्याचे कौतुकही करतो.

ही शिकवण लहानपणीच सुरू होते. मुलगा पडला, रडू लागला, की 'मुलगी आहेस का?' हा प्रश्न ठरलेला. आपल्या भाषेत रडणाऱ्या मुलालाही 'रडूबाई' म्हणूनच चिडवितात. यात मुलाचा अपमान आहे, आणि मुलीचाही आहे. त्यात इंग्रजी अमदानीची भर पडली. डार्विनने १८७२ सालच्या आपल्या ग्रंथात नमूद केले आहे, की इंग्रज पुरुष अतितीव्र दुःखाखेरीज क्वचितच रडतात, मात्र युरोप खंडाच्या काही भागांत पुरुष सहज अश्रू ढाळतात. साहेबाच्या शाळेत व कचेरीत वाढलेल्या आमच्या पिढ्यांनी त्याच्या पोशाखाबरोबर ही रीतही उचलली असावी, असे आम्हांस वाटते.

याचा परिणाम काय होतो? दुःख नाहीसे होत नाही. ते दुसरी वाट धरते. कोणी अकारण चिडखोर होतो, कोणी व्यसनाकडे वळतो, कोणी मुलाबाळांशी बोलेनासा होतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली, आणि त्यांत शंभरामागे सुमारे ७२ पुरुष होते. या मृत्यूंची कारणे अनेक आहेत. कर्ज आहे, आजार आहे, कौटुंबिक कलह आहे. न रडल्यामुळेच ते मेले, असे आम्ही म्हणत नाही. परंतु संकटात सापडलेला पुरुष ते बोलून दाखविणे कमीपणाचे मानतो, आणि मदत मागण्यास शेवटपर्यंत येत नाही, ही गोष्ट आपणांपैकी प्रत्येकास आपल्या नात्यागोत्यातून ठाऊक आहे. १९८२ च्या मुंबईतील गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. पगार थांबल्यावर किती बापांनी घरात तोंड मिटून दिवस काढले असतील, याची कल्पना जुन्या मंडळींना करता येईल.

थोर पुरुषांनी हा संकोच प्रसंगी बाजूस सारला आहे. १९६३ साली दिल्लीत लता मंगेशकरांचे गीत ऐकताना पंडित नेहरूंचे डोळे पाणावले. ७ सप्टेंबर २०१९ रोजी चांद्रयानाचा संपर्क तुटल्यावर इस्रोचे तत्कालीन अध्यक्ष के. सिवन यांना रडू आवरले नाही, आणि ते साऱ्या देशाने पाहिले. त्यामुळे ती संस्था दुबळी झाली नाही. २३ ऑगस्ट २०२३ रोजी तिचे यान चंद्रावर सुखरूप उतरले.

आमच्या बोलण्याचा विपर्यास होऊ नये. पुरुषांनी चारचौघांत गळा काढावा, असे आमचे सांगणे नाही. ज्याला रडू येत नाही तो निष्ठुर, असेही नव्हे. प्रत्येकाची प्रकृती निराळी असते. आमच्या सूचना साध्या आहेत. मुलगा रडला तर त्याला मुलीची उपमा देऊ नये. काय झाले, ते विचारावे. समाचारास गेल्यावर पुरुषमंडळी गाडीची वेळ आणि डॉक्टरचे औषध यांवरच बोलून उठतात. तसे न करता गेलेल्या माणसाविषयी दोन शब्द बोलावे, आणि समोरचा गहिवरला तर विषय बदलू नये. तेराव्यानंतर महिन्याभराने ज्ञातीतील एकदोन वडील माणसांनी त्या घरी पुन्हा जाण्याची प्रथा आपल्या मंडळाने सुरू करावी. नोकरी सुटलेल्या वा कर्जात अडकलेल्या बांधवाचे म्हणणे चारचौघांत नव्हे तर एकांतात ऐकून घेण्याची सोय मंडळाने ठेवावी. शासनाची १४४१६ ही मानसिक साहाय्याची दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तो क्रमांक आपल्या कार्यालयाच्या फलकावर लावावा. भगिनींना एवढीच विनंती आहे, की घरातील पुरुषाचे डोळे भरून आलेले पाहून घाबरून जाऊ नये, आणि ती गोष्ट पुढे थट्टेचा विषय करू नये.

विवाह जमविणे आणि शिष्यवृत्त्या देणे ही ज्ञातिसंस्थेची कामे आहेतच. दुःखाच्या वेळी ज्ञातिबांधवाशेजारी जाऊन बसणे, हेही तिचे जुनेच काम आहे. ते अधिक निगुतीने व्हावे, एवढीच प्रार्थना आहे.