न गोठणारे बंदर
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात दिलेले भाषण)



भूगोलावर बोलणार म्हटल्यावर पुष्कळजणींना शाळेतला तास आठवला असेल. भिऊ नका, नकाशा भरायला सांगणार नाही. फक्त रशियाच्या वायव्य टोकाकडे माझ्याबरोबर चला. तेथे कोला खाडीच्या पूर्व काठावर, खुल्या समुद्रापासून सुमारे ५० किलोमीटर आत, टेकड्यांच्या उतरणीवर मुर्मान्स्क शहर वसले आहे. अक्षांश जवळजवळ ६९. उत्तर ध्रुववृत्तापलीकडे याहून मोठे शहर जगात नाही.

आता नवल ऐका. सायबेरियातील याकुत्स्क याच्या पुष्कळ दक्षिणेला आहे; पण तेथे जानेवारीचे सरासरी तापमान उणे ३५ अंशांच्याही खाली जाते. मुर्मान्स्कला ते उणे १० च्या आसपास असते, आणि बंदर बारा महिने खुले! बंबातले ऊन पाणी मोरीपर्यंत कोमट राहावे, तसा अटलांटिकमधला उष्ण प्रवाह नॉर्वेच्या किनाऱ्याने वळसा घालून येथवर ऊब आणतो.

या उबेपायीच शहर जन्मले. पहिल्या महायुद्धात बाल्टिक आणि काळा समुद्र दोन्ही वाटा शत्रूने अडवल्या. अर्खांगेल्स्क हे जुने बंदर हिवाळ्यात गोठे. मग घाईघाईने रेल्वे टाकून १९१६ साली हे गाव वसवले. दुसऱ्या महायुद्धात दोस्तांची जहाजे दारूगोळा आणि धान्य घेऊन येथेच लागत. जर्मन सैन्य अगदी जवळ येऊन थांबले, शहर मात्र त्यांच्या हाती पडले नाही. त्याची किंमत जबर होती. १९४२ च्या जूनमध्ये बॉम्बवर्षावाने लाकडी घरांचे मोहल्लेच्या मोहल्ले जळाले. जून म्हणजे तेथे रात्र नसते. लपायला अंधारही नाही. मुले घेऊन त्या बायांनी काय केले असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

हिवाळ्यात उलट. सुमारे ४० दिवस सूर्य उगवतच नाही; दुपारी दोन-तीन तास निळसर संधिप्रकाश, बस्स. लोकमान्यांनी १९०३ च्या ग्रंथात वेदांतल्या उषेचा संबंध ध्रुवाकडच्या दीर्घ पहाटेशी लावला होता. बहुतेक विद्वानांनी तो सिद्धान्त मानला नाही, ते असो. पण तिथल्या बालवाड्यांतून मुलांना दिव्याभोवती उभे करून कृत्रिम ऊन देत असत, हे वाचले तेव्हा मला उषेची सूक्ते निराळीच वाटू लागली.

सोव्हिएत काळात जादा पगाराच्या ओढीने माणसे येथे आली. राज्य मोडले, आणि परतू लागली. १९८९ साली वस्ती ४ लाख ६८ हजार होती, २०२१ साली २ लाख ७० हजार उरली. बंदर गोठत नाही, पण घरे रिकामी होतात.

जी राहिली, ती जानेवारीच्या अखेरीस टेकडीवर जमून परतलेल्या सूर्याचे स्वागत करतात. सूर्य प्रथम डोकावतो तो साधारण ११ तारखेला. म्हणजे आपल्याकडे तिळगुळाचा पाक चुलीवर असतो, त्याच आठवड्यात.