बारावीचं वर्ष आणि झेपेल असं ध्येय

(गेल्या गणेशोत्सवात बारावीचे विद्यार्थी व पालक यांच्यासाठी झालेल्या कार्यक्रमातील भाषण. स्मरणिकेसाठी थोडं संक्षिप्त केलं आहे.)

 

मला सांगण्यात आलं की मुलांना प्रेरणा मिळेल असं काहीतरी बोला. प्रेरणेचे व्हिडिओ त्यांच्या मोबाइलवर सकाळ-संध्याकाळ येतातच, त्यात मी काय भर घालणार? मी रूळ सांभाळणारा माणूस. मला हिशोबाचं बोलता येतं, तेच बोलतो.

गाडीचं वेळापत्रक कसं बनतं हे इथल्या अर्ध्या लोकांना माहीत आहे, पण मुलांसाठी सांगतो. डब्ल्यूएपी-७ इंजिन ताशी १४० किलोमीटर धावू शकतं. जबलपूर ते इटारसी अंतर सुमारे २४५ किलोमीटर. भागाकार केला तर पावणेदोन तास होतात. पण अशी वेळ कुणी वेळापत्रकात छापत नाही. त्या सेक्शनवर परवानगी किती वेगाची आहे, चढ कुठे आहे, थांबे किती, कुठे काम चालू असल्याने वेग कमी करायचा आहे, हे सगळं धरून वेळ ठरते. आणि वर थोडी शिल्लक ठेवतात. मदनमहाल ते जबलपूर जेमतेम तीन-चार किलोमीटर, पण बऱ्याच गाड्यांना तिथे पंधरा-वीस मिनिटं दिलेली दिसतील. मागे उशीर झाला असेल तर तो तिथे भरून निघतो.

आता मुलांनो, तुमच्या वहीचं पहिलं पान आठवा. '९५ टक्के.' 'रँक १००० च्या आत.' 'रोज १४ तास.' हा इंजिनाचा कमाल वेग झाला. वेळापत्रक अजून बनलेलंच नाही.

ते आपण आत्ता इथे बसून बनवू. आज गणपतीचा पाचवा दिवस. सीबीएसईची परीक्षा साधारण फेब्रुवारीच्या मध्याला सुरू होते, म्हणजे हातात १६५ दिवसांच्या आसपास आहेत. त्यातून दिवाळी वजा करा, सहामाही आणि प्री-बोर्डचे दिवस वजा करा, जानेवारीतली प्रॅक्टिकल्स, एखादा ताप, आणि नागपूरला किंवा पुण्याला कुणा ना कुणाचं लग्न असतंच. राहिले १३० दिवस. आता एक दिवस घ्या. झोप सात तास, शाळा जाण्या-येण्यासकट सात, क्लास तीन, जेवण, आंघोळ, आईशी भांडण वगैरे तीन. उरले चार तास. १३० गुणिले ४ म्हणजे ५२० तास. विषय पाच. एका विषयाला साधारण १०० तास. फिजिक्सचे धडे १४, म्हणजे एका धड्याला सात तास.

हा आकडा ऐकून काही चेहरे उतरलेले दिसताहेत. उतरू देऊ नका. १४ तासांचा खोटा आकडा पहिल्या तीन दिवसांत मोडतो आणि मग मुलगा स्वतःला आळशी समजायला लागतो. एका धड्याला सात तास हे कळलं की तो सात तासांत काय करायचं आणि काय सोडायचं याचा विचार करतो. आठवड्यात एक अर्धा दिवस, समजा रविवारची दुपार, कोरी ठेवा. मागे राहिलेलं त्यात भरून काढायचं. तुमचं मदनमहाल ते जबलपूर.

काय सोडायचं, हे ठरवायला गुणविभागणी बघा. ती बोर्ड स्वतः छापतं, तरी निम्म्या मुलांनी ती पाहिलेली नसते. गणितात लेखी ८० गुण, त्यातले ३५ एकट्या कॅल्क्युलसचे. व्हेक्टर आणि थ्री-डी मिळून १४, अल्जिब्रा १०, प्रोबॅबिलिटी ८, रिलेशन्स-फंक्शन्स ८, लिनिअर प्रोग्रॅमिंग ५. ज्याला सध्या ८० पैकी ३० पडतात त्याने कॅल्क्युलसला हात न लावता पुढे जाणं म्हणजे मेन लाइन सोडून सायडिंग दुरुस्त करत बसणं. आणि लिनिअर प्रोग्रॅमिंगचे पाच गुण दोन-तीन संध्याकाळींत पदरात पडतात, ते कुणीही सोडू नयेत. फिजिक्सला लेखी ७०. त्यात ऑप्टिक्स आणि विद्युतचुंबकीय लहरी मिळून १८, शेवटचा सेमीकंडक्टरचा धडा ७. केमिस्ट्रीत मात्र दहाही धडे सहा ते नऊ गुणांचे, तिथे एकावर भर देऊन भागत नाही.

आपल्याच कॉलनीतल्या एका मुलाची गोष्ट सांगतो, नाव सांगत नाही. वडील ट्रॅकमेंटेनर. मुलगा हुशार, शांत. सप्टेंबरमध्ये शाळेच्या चाचणीत फिजिक्सला ७० पैकी ३१ आले आणि घरात रडारड झाली. वडील त्याला घेऊन माझ्याकडे आले, म्हणाले, "साहेब, याला जरा रागवा." रागवण्यासारखं काही मला दिसेना. मी म्हटलं, पेपर दाखव. रेल्वेत रूळ तुटला तर आम्ही आधी तुकडा बघतो, कुठून तुटला, जुनी चीर होती का, वेल्डिंगला गेला का. रुळावर चिडून काय होणार?

गेलेले ३९ गुण आम्ही तीन रकान्यांत मांडले. येतच नव्हतं म्हणून गेले, ते १४. येत होतं पण चिन्ह, एकक किंवा आकृती चुकली, ते ९. आणि वेळच पुरला नाही, तिथपर्यंत पोचलाच नाही, ते १६. हे बघून तो मुलगा चकित झाला. त्याची समजूत होती की आपल्याला फिजिक्स येत नाही. खरं म्हणजे सगळ्यात मोठा खड्डा लिहिण्याच्या वेगाचा होता. त्याला आणखी एका क्लासची गरज नव्हती. घड्याळ लावून, कागदावर, पूर्ण तीन तासांचे पेपर सोडवण्याची होती.

मग ध्येय ठरवलं. त्याच्या वहीत ९५ टक्के होते. मी त्याला आमच्या कामाची रीत सांगितली. रुळाखालची खडी काढून चाळून परत भरली की त्यावरून लगेच पूर्ण वेगाने गाडी सोडत नाहीत. आधी ताशी २०, पॅकिंग झालं की साधारण ४५, मग ७५, आणि सगळं नीट बसल्यावरच पूर्ण वेग. आम्ही लिहिलं : दिवाळीनंतरच्या चाचणीत ४२, प्री-बोर्डला ५०, बोर्डाला ५५. दिवाळीनंतर त्याला ४० पडले. म्हटलं चालेल, दोन गुण मागे आहोत, भरून काढू. प्री-बोर्डला ५१ आले. बोर्डात फिजिक्सला लेखी ५४ आणि प्रॅक्टिकलचे धरून ८३. एकूण टक्केवारी ८० च्या थोडी वर. आता तो राज्यातल्या एका सरकारी कॉलेजात सिव्हिल करतो आहे. त्याच्या आईला अजून थोडं वाटतं की ९० हवे होते. असो.

आता स्पर्धा परीक्षांचं. आकडे कडू आहेत, पण घरात कुणीतरी ते मोठ्याने वाचले पाहिजेत. २०२५ साली जेईई मेन देणारी मुलं १४ लाखांच्या वर होती. त्यातली पहिली अडीच लाख अॅडव्हान्सला पात्र. दोन्ही पेपर दिले सुमारे १ लाख ८० हजारांनी आणि आयआयटीच्या जागा १८ हजारांच्या आसपास. त्याच वर्षी नीटला २२ लाखांवर मुलं बसली. म्हणून प्रयत्नच करू नये असं मी म्हणत नाही, जरूर करावा. पण 'आयआयटी' हे एकच ध्येय लिहून वही बंद करणं म्हणजे पुढचा सिग्नल हिरवाच असेल असं गृहीत धरून गाडी हाकणं.

तीन ध्येयं लिहा. एक, सगळं जमून आलं तर मिळेल ते. दोन, आत्ताच्या गतीने मिळेल ते. तीन, काही बिघडलं तरी मिळेल ते. आणि तिसरं ध्येय लिहिताना नाक मुरडू नका. मी स्वतः डिप्लोमा करून रेल्वेत आलो. बारावी सायन्सवाल्याला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, डिप्लोमावाल्याला डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला. रेल्वेत ज्युनिअर इंजिनिअरच्या परीक्षेला डिप्लोमा चालतो. हे रस्ते पडक्या पुलाचे नाहीत, त्यांच्यावरून रोज गाड्या जातात.

बोर्डाकडे दुर्लक्ष करून नुसत्या जेईईच्या मागे लागलेल्यांना एक आठवण. आयआयटी-एनआयटीत प्रवेशाला बारावीत ७५ टक्के लागतात, किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असावं लागतं. अनुसूचित जाती-जमातींना ६५. मेनमध्ये चांगला रँक येऊन इथे अडकलं तर वाईट वाटतं.

आणि आता खास आपल्या, म्हणजे महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या मंडळींसाठी. एनआयटीच्या निम्म्या जागा त्या-त्या राज्यातल्या मुलांना असतात, आणि तुमचं राज्य कोणतं हे तुम्ही बारावी कुठून पास झालात त्यावर ठरतं. आडनाव, मातृभाषा, सातारचं मूळ घर, काही कामाला येत नाही. जबलपूरहून बारावी केलेला मुलगा भोपाळच्या एनआयटीला घरचा, आणि नागपूरच्या व्हीएनआयटीला बाहेरचा. नागपूरला मामा आहे म्हणून तेच ध्येय धरून बसलेली घरं मी पाहिली आहेत, भोपाळचा कटऑफ त्यांनी उघडूनही बघितलेला नव्हता. उलट, कोटाच्या क्लाससाठी राजस्थानातल्या शाळेतून बारावी केली तर तुम्ही राजस्थानचे झालात. मेडिकलला सरकारी कॉलेजातल्या १५ टक्के जागा देशभरासाठी, ८५ टक्के राज्याच्या, आणि त्यात राज्याचे अधिवासाचे नियम. आपल्यातल्या ज्यांची बदली होते त्यांनी बदलीचा अर्ज करण्याआधी हे वाचावं. दाखल्याची कागदपत्रं जूनमध्ये शोधायची नसतात, दिवाळीत शोधायची असतात.

एक वर्ष थांबून परत परीक्षा द्यावी का, हे सगळे विचारतात. माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. पहिल्या खेपेला हवं ते थोडक्यात हुकलं असेल आणि मुलाची स्वतःची इच्छा असेल, तर एक वर्ष द्यावं. फार मागे असेल, तर तेच वर्ष मिळेल त्या कॉलेजात गेलेलं बरं. अॅडव्हान्सला तसेही लागोपाठच्या दोनच वर्षांत दोन प्रयत्न असतात.

आई-वडिलांना काय सांगू, तुम्ही माझ्याच वयाचे. मुंबईहून येताना कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर लागतात, सदतीस फुटांना एक फुटाचा चढ आहे तो. इगतपुरी आली की बँकर सुटतात. ते कधी पुढे येऊन गाडी ओढायला लागत नाहीत, आणि जबलपूरपर्यंत मागे लागूनही येत नाहीत. रोज रात्री जेवताना "किती झालं?" एवढंच विचारू नका. मुलगा गप्प गप्प राहायला लागला, जेवण तुटलं, रात्री झोपत नाही, तर टक्केवारीचं बोलणं त्या दिवसापासून बंद. डॉक्टरकडे न्या, शाळेतल्या समुपदेशकाकडे न्या. कॉलनीत काय म्हणतील याची चिंता करू नका, कॉलनी मी बघून घेतो.

शेवटी मंडळाकडे एक विनंती, अध्यक्ष समोरच आहेत म्हणून. आपण दरवर्षी ९० टक्क्यांच्या वरच्या मुलांचा सत्कार करतो. चांगलंच आहे. पण पुढच्या वर्षी एक श्रीफळ अशा मुलासाठी किंवा मुलीसाठी ठेवा, जिचे सहामाहीपासून बोर्डापर्यंत सगळ्यात जास्त गुण वाढले. ५० चे ६८ झाले असतील तरी चालेल. त्या मुलांना स्टेजवर आपण कधी बघितलेलंच नाही.

आरतीची वेळ होत आली आहे. मुलांनो, येत्या रविवारी सकाळी दहा वाजता मी याच हॉलमध्ये असेन. आपापला शेवटच्या चाचणीचा तपासलेला पेपर घेऊन या, कितीही गुण असले तरी. सोबत एक कोरा कागद आणा, त्यावर तीन रकाने आखून. आई-बाबांनी आलं तरी चालेल, मात्र त्यांनी मागच्या रांगेत बसायचं.