लातूरचा चोर बार्शीत सापडला तर…

हेडफोन लावलाय ना? आजचा विषय जरा जड आहे, पण सुरुवात साध्या गोष्टीनं करतो.

तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मी मूळचा लातूरचा, तेव्हा नांदेडला एलएलबी करत होतो. शनिवारी गावाकडं निघालो होतो. बसस्टँडवर एकदम गलका झाला. चौदा-पंधरा वर्षांचा एक पोरगा मोबाईल मारताना सापडला होता. आता तुम्हाला माहीतच आहे अशा वेळी काय होतं ते. ज्याचा मोबाईल होता तो बाजूलाच राहिला, बाकीचेच हात साफ करून घ्यायला लागले. मी मारलं नाही. पण मी काय केलं? फोन काढून व्हिडिओ घेत उभा राहिलो. तेवढ्यात एक काका पुढं आले. वयस्कर, धोतर-टोपीवाले. मला वाटलं सोडवतील. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कोणत्या समाजाचा हाईस रे?"

नाव नाही, गाव नाही. समाज.

हे डोक्यात तसंच राहिलं. आणि त्याच सेमिस्टरला भारतीय दंड संहिता शिकताना माझ्यासमोर कलम ७५ आलं. परीक्षेच्या दृष्टीनं बिनमहत्त्वाचं, सर दोन मिनिटांत पुढं सरकले. मी मात्र तिथंच अडकलो.

हा कायदा १८६० चा, अंमल १ जानेवारी १८६२ पासून. साध्या चोरीला कलम ३७९, जास्तीत जास्त तीन वर्षं. आता कलम ७५ मूळ कायद्यात काय म्हणत होतं बघा. मालमत्तेच्या अशा गुन्ह्यात, म्हणजे ज्याला तीन वर्षं किंवा जास्त शिक्षा आहे अशा गुन्ह्यात, एकदा शिक्षा झालेली असेल आणि माणूस पुन्हा तसल्याच गुन्ह्यात सापडला, तर दुप्पट शिक्षा, नाहीतर थेट जन्मठेप. आणि तेव्हाची जन्मठेप म्हणजे आजच्यासारखी हर्सूल नाहीतर येरवडा नव्हे. समुद्रापार. काळं पाणी.

म्हणजे पहिल्यांदा लुगडं चोरलं, दुसऱ्यांदा तांब्याची घागर चोरली, तर कायद्याच्या पुस्तकात त्या माणसासाठी अंदमानाचा दरवाजा उघडा होता. प्रत्येकाला पाठवत होते असं नाही, ते न्यायाधीशाच्या हातात. पण दरवाजा उघडा होता, हे महत्त्वाचं.

आता इथं आपल्या मराठवाड्याची गंमत आहे. गंमत म्हणू की काय म्हणू? लातूर, नांदेड तेव्हा निझामाच्या मुलखात. कोर्टं वेगळी, कायदा वेगळा. इंग्रजांची दंड संहिता इथं लागू नव्हती. पण बार्शी? बार्शी सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजांकडं. तिकडं नांदेडच्या पलीकडं उमरखेड वऱ्हाडात, १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात. एकच माणूस, एकच घागर. लातूरच्या बाजारात सापडला तर निझामाचा कैदखाना, बार्शीच्या बाजारात सापडला तर कदाचित बंगालचा उपसागर. १९११ मध्ये बार्शी लाईट रेल्वे लातूरपर्यंत आली. त्या छोट्या गाडीत बसलेल्या खिसेकापूला कुठल्या स्टेशनाला कायदा बदलतो हे ठाऊक असेल का, असं मला उगीच वाटत राहतं.

आपल्या भागातून अंदमानात गेलेल्यांत कोणाचं नाव घेतलं जातं? रंगराव पागे. निझामी मुलखातले, १८५७ च्या उठावात नानासाहेबांशी संधान बांधणारे. फाशी झाली होती, ती बदलून काळं पाणी दिलं, आणि १८६० मध्ये ते तिकडंच वारले. त्यांचं नाव राहिलं, राहायलाच पाहिजे. अंदमानची वसाहत मार्च १८५८ मध्ये सुरू झाली तीच उठावातल्या कैद्यांसाठी. पण पुढच्या ऐंशी वर्षांत तिथं भरणा कोणाचा होता? साध्या कैद्यांचा. खुनी, दरोडेखोर, चोर. सावरकरांना १९११ मध्ये ठाण्याच्या तुरुंगातून रेल्वेनं मद्रासला आणि तिथून 'महाराजा' बोटीनं पोर्ट ब्लेअरला नेलं, हे आपण शाळेत शिकलो. त्या बोटीत साधे जन्मठेपीही होते. त्यांच्यातल्या एकाचं तरी नाव तुम्हाला सांगता येईल? मलाही नाही.

तिथं पोचल्यावर गळ्यात लाकडी बिल्ला. त्यावर कैद्याचा नंबर, कलम, शिक्षेची तारीख, सुटकेची तारीख. नावाचं काम नाही. सेल्युलर जेल बांधून झाल्यावर आधी सहा महिने एकट्याची कोठडी, मग काथ्या कुटणं, कोलू, मग बाहेरच्या टोळीत जंगलतोड, रस्ते. ज्यांनी नीट वागून दिवस काढले त्यांच्यातूनच वॉर्डर, पेटी ऑफिसर नेमायचे, म्हणजे कैद्यावर कैदीच पहारेकरी. दहाएक वर्षांनी 'टिकट' मिळायचं. मग शेताचा तुकडा, स्वतःची चूल, परवानगीनं कैदी बाईशी लग्नसुद्धा. कुठला मराठी, कुठली पंजाबीण, घरात भाषा हिंदुस्थानी. जात विचारून सोयरीक जुळवायची तर तिथं माणसंच कुठली पुरी पडणार? त्यांची नातवंडं-पतवंडं आजही तिथं आहेत, 'लोकल बॉर्न' म्हणतात त्यांना.

जगात हे फक्त आपल्याकडं झालं असंही नाही. १७८८ ते १८६८ या काळात इंग्रजांनी स्वतःच्या देशातले दीड लाखाहून जास्त कैदी ऑस्ट्रेलियाला नेऊन टाकले, त्यात पुष्कळ भुरटे चोर. आज तिकडची माणसं हौसेनं शोधतात, आमचा पणजोबा कोणत्या बोटीनं आला म्हणून. आपल्याकडं मुंबई आणि बंगालचे कैदी अंदमानच्या आधी, १८१५ पासून, मॉरिशसला रस्ते बांधायला जात होते. डार्विन १८३६ मध्ये तिथं उतरला तेव्हा त्याला ते दिसले, आणि ही माणसं इतकी रुबाबदार असतील असं वाटलं नव्हतं, अशा अर्थाचं त्यानं लिहून ठेवलंय. आपल्याकडं कोणी शोधतं का, आमचा पणजोबा चोर होता म्हणून?

एकानं स्वतःच्या घराबद्दल सांगितलं. आपल्या लातूरजवळच्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड. आत्मचरित्राचं नावच 'उचल्या', १९८७ चं. १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ज्या जातीवर जन्मतःच चोर असा शिक्का होता, त्या घरातला पोरगा लातूरच्या सूतगिरणीत कामाला लागतो आणि हे सगळं लिहून काढतो. वाचलं नसेल तर वाचा, मी पूर्ण सांगून मजा घालवत नाही.

कारण कलम ७५ निदान दुसरी चोरी तरी मागत होतं. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा पहिलीसुद्धा मागत नव्हता. जन्म पुरत होता. हजेरी, पास, सोलापूरला तर तारेच्या कुंपणातली सेटलमेंट. तो कायदा गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला. १५ ऑगस्टनंतर पाच वर्षांनी. म्हणून विमुक्त समाज ३१ ऑगस्टला आपला स्वातंत्र्यदिन मानतो. दंड संहितेतून समुद्रापारची शिक्षा गेली ती १ जानेवारी १९५६ पासून. आणि आता नव्या न्याय संहितेत पाच हजारांच्या आतली पहिलीच चोरी असेल, आणि माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. म्हणजे कायदा कुठल्या कुठं आला बघा. बसस्टँडवरचे काका मात्र अजून १८७१ मध्येच होते, आणि मी त्यांच्या शेजारी व्हिडिओ घेत होतो.

त्या पोराचं पुढं काय झालं? पोलीस घेऊन गेले, माझी बस लागली, मी चढलो. व्हिडिओ मी कोणाला पाठवला नाही, पण डिलीट करायलाही मला लोह्यापर्यंत वेळ लागला.

एक काम आहे तुमच्याकडं. तुमच्या आजीच्या, पणजीच्या बोलण्यात कोणी असा माणूस येतो का, जो "गेला तो गेलाच, परत आला नाही", आणि का गेला हे घरात कोणी सांगत नाही? असेल तर आजीला विचारा, आणि तिची हरकत नसेल तरच तिच्याच आवाजात व्हॉइस नोट पाठवा. नाव, गाव सांगायची गरज नाही.