टेकडीवरचा वारा आणि बिनएंजिनाचें विमान

उन्हाळ्याच्या अखेरीस दुपार कलल्यावर खंडाळ्याच्या घाटमाथ्यावर उभें राहिलें असतां एक देखावा पुष्कळांनीं पाहिला असेल. दरीच्या कडेवर एखादी घार पंख पसरून, पश्चिमेच्या वाऱ्याकडे चोंच करून, जवळजवळ एकाच जागीं स्थिर असते. ती पंख हालवीत नाहीं, आणि खालींहि येत नाहीं. वारा डोंगराच्या उतरणीवर आपटतो. पुढें वाट नसल्यामुळें तो उतरणीला धरून वर चढतो. आणि त्या चढत्या हवेवर घार नुसती टेकून राहते. याच तत्त्वावर मनुष्यानें एक खेळ निर्माण केला आहे. बिनएंजिनाचें लहानसें विमान, म्हणजे ग्लायडर, हातांतून सोडून टेकडीपुढील वाऱ्यावर तरंगत ठेवावयाचें, आणि जमिनीवर उभें राहून रेडिओच्या लहरींनीं त्याला वळवावयाचें, असा तो खेळ आहे.

या खेळाचें मूळ मात्र खेळांत नाहीं. जर्मनीतील ओटो लिलिएन्थाल यानें १८९१ पासून स्वतःच्या अंगाला पंख बांधून सुमारें दोन हजार उड्डाणें केलीं. १८९४ सालीं बर्लिनजवळील लिश्टरफेल्ड येथें त्यानें सुमारें १५ मीटर उंचीची एक टेकडीच रचून घेतली. ती शंकूच्या आकाराची होती. कारण वारा कोणत्याहि दिशेनें आला तरी त्याच्याकडे तोंड करून उडतां यावें, हा त्याचा हेतु होता. पुढें १९११ सालीं अमेरिकेत ऑर्व्हिल राइट यानें वाळूच्या टेकडीवरील जोरदार वाऱ्यांत एंजिनावांचून ९ मिनिटें ४५ सेकंद हवेंत राहून दाखविलें. १९२२ च्या ऑगस्टांत जर्मनीतील सुमारें ९५० मीटर उंचीच्या वासरकुप्पे या डोंगरावर आर्थर मार्टेन्स तासाहून अधिक वेळ तरंगत राहिला. पहिल्या महायुद्धानंतरच्या तहानें जर्मनीत एंजिनाच्या विमानांवर कडक निर्बंध आले होते. म्हणून तेथील तरुणांनीं वाऱ्यालाच एंजिन केलें.

हें कसें घडतें याचा हिशेब सोपा आहे. ताशीं २० किलोमीटरचा वारा म्हणजे सेकंदास सुमारें साडेपांच मीटर. उतरणीमुळें त्याचा चौथा हिस्सा जरी वर वळला, तरी हवा सेकंदास एक मीटरहून अधिक वेगानें वर चढते. हलकें ग्लायडर स्थिर हवेंत सेकंदास अर्धा ते पाऊण मीटर खालीं येतें. चढणारी हवा उतरणाऱ्या विमानाहून वेगवान् ठरली, कीं विमान वर राहतें. वारा पडला, कीं तें उतरतें.

म्हणून नवशिक्यानें विमानापूर्वीं टेकडी निवडावी. ती वाऱ्याच्या समोर, रुंद व गवताळ असावी. समोरच्या बाजूस घरें, झाडें किंवा दुसरी टेकडी नसावी. वारा तिरपा आला तर त्याचा जोर उतरणीच्या बाजूनें निसटून जातो. तो शक्य तितका सरळ समोरून यावा. ताशीं १५ ते २५ किलोमीटरचा स्थिर वारा आरंभास पुरे. काठीला बांधलेली एखादी रेशमी फीत त्याची दिशा बिनचूक सांगते. माथ्याच्या मागील बाजूस मात्र हवा भोवऱ्यासारखी खालीं कोसळते; तेथें गेलेलें विमान सहसा धडपणें परत येत नाहीं.

पहिलें विमान सुंदर असण्यापेक्षां चिवट असावें. दाबलें तरी पुन्हा पूर्ववत् होणाऱ्या फेसाळ प्लॅस्टिकचें, सव्वा ते दीड मीटर पंखांचें विमान यासाठीं योग्य होय. नाजूक लाकडी विमानाचा मोह पुढील वर्षासाठीं राखून ठेवावा. विमानाचा तोल बनविणाऱ्यानें सांगितलेल्या खुणेवर, किंवा तिच्या किंचित् पुढें असावा. मागें कदापि नसावा. प्रत्येक खेपेस बॅटऱ्या भरलेल्या आहेत कीं नाहींत हें पाहावें. आधीं हातांतील ट्रान्समीटर व मग विमानांतील रिसीव्हर सुरू करावा. बंद करतांना क्रम उलट ठेवावा. दांडी उजवीकडे लोटली असतां विमान उजवीकडेच वळेल अशा रीतीनें पडदे हालतात ना, हें डोळ्यांनीं पाहिल्यावांचून विमान सोडूं नये.

सोडतांना तें आकाशाकडे भिरकावूं नये. वाऱ्याकडे तोंड करून, नाक क्षितिजाच्या किंचित् खालीं ठेवून, भाल्यासारखें सरळ व ठामपणें सोडावें. विमान टेकडीपासून थोडें दूर गेलें, कीं उतरणीला समांतर इकडून तिकडे फिरवावें. या खेळाचा पहिला नियम येथें लागू होतो: प्रत्येक वळण टेकडीपासून बाहेर, वाऱ्याकडे घ्यावयाचें. विमानाचा मार्ग अशा रीतीनें आडव्या पडलेल्या इंग्रजी आठ या आंकड्यासारखा होतो. टेकडीकडे वळलेलें विमान वाऱ्याच्या पाठबळानें इतक्या वेगानें येतें, कीं विचार करावयास अवधि उरत नाहीं.

दुसरी अडचण अशी, कीं विमान पाहणाऱ्याकडे येऊं लागलें म्हणजे त्याचा उजवा पंख पाहणाऱ्याच्या डाव्या बाजूस येतो. अशा वेळीं उजवें-डावें आठवीत बसूं नये. जो पंख खालीं झुकलेला दिसेल, त्या बाजूस दांडी लोटावी. विमान सरळ होतें.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. विमान खालीं जात आहे असें दिसतांच नवशिक्याचा हात त्याचें नाक वर उचलूं लागतो. त्यामुळें वेग मरतो, पंखांचा आधार सुटतो, आणि विमान दगडासारखें खालीं येतें. उपाय अगदीं उलट आहे: नाक खालीं करावें, वेग घ्यावा, मग हळूच सांवरावें. ९ ऑगस्ट १८९६ रोजीं गोलेनबर्गच्या टेकडीवर लिलिएन्थालच्या पंखांचा आधार असाच सुटला. सुमारें १५ मीटरांवरून तो कोसळला, त्याच्या पाठीचा कणा मोडला, आणि दुसऱ्या दिवशीं तो मरण पावला.

या खेळाचें खरें मोल येथें कळतें. भय वाटलें कीं विमान आपल्याकडे ओढावें, आणि तें पडूं लागलें कीं नाक वर खेंचावें, या मनाच्या दोन स्वाभाविक धांवा आहेत. आणि दोन्ही चुकीच्या आहेत. त्या उपदेशानें जात नाहींत, पुनःपुन्हा चुकल्यानेंच जातात. लिलिएन्थालला चूक करण्याची दुसरी संधि नव्हती. टेकडीवर उभ्या असलेल्या मुलाला ती आहे. त्याच्या चुकीचें मोल फेसाळ प्लॅस्टिकच्या एका तुकड्याएवढें आणि थोड्याशा गोंदाएवढें असतें.

परंतु हा स्वस्तपणा दुसऱ्याच्या डोक्यावर पडूं देऊं नये. अर्धा किलोचें विमानहि वेगांत असतां गंभीर इजा करूं शकतें. म्हणून माणसें, गुरें व रस्ता यांवरून उड्डाण करूं नये. विमान डोळ्यांआड जाऊं देऊं नये. आणि पॅराग्लायडर दिसतांच त्याला वाट द्यावी. भारतांत २०२१ च्या ड्रोन-नियमांत अशा विमानांचाहि विचार झालेला आहे. तेव्हां निवडलेल्या जागीं उड्डाणास मुभा आहे किंवा नाहीं, हें शासनाच्या नकाशावर आधीं पाहणें अवश्य आहे. उतरण्याची जागाहि सोडण्यापूर्वींच ठरवावी. माथ्यामागच्या भोवऱ्यापासून दूर, बाजूच्या सौम्य गवतावर, वाऱ्याकडे तोंड करून विमान टेकवावें.

पहिल्या दिवशीं विमान दोन मिनिटें टिकलें तरी पुष्कळ झालें. त्या दोन मिनिटांत हातानें एकदां तरी भयाच्या उलट दिशेला दांडी लोटली असेल, आणि विमान सांवरलें असेल. तसें झालें असेल तर त्या संध्याकाळीं कड्यावर स्थिर राहिलेल्या घारीकडे पाहणारी दृष्टि सकाळची राहिलेली नसते. ती घार कांहींच करीत नाहीं असें सकाळीं वाटलें होतें. ती क्षणोक्षणीं वाऱ्याकडे वळत आहे, हें आतां दिसूं लागतें.